वाटीखालची अळंबी

गल्लीतली मुलं तिला छत्रीकाकू म्हणत. कुठं कुत्र्याची छत्री उगवलेली दिसली की ती भर रस्त्यात उकिडवी बसे, म्हणून. उमेदीची वर्षं छापखान्यात गेली. आता घरी लाकडी ठसे कोरून ती अळंब्यांची चित्रं छापायची. नवरा हयात असताना म्हणे, "लोक भिंतीवरची बुरशी खरवडतात, आमच्याकडे ती चौकटीत लावतात."

अंगणातल्या वठलेल्या बुंध्यावर दरवर्षी एक तपकिरी अळंबी फुटे. तिचा ठसा करायचं वर्षानुवर्षं राहूनच गेलं होतं. आता शेजाऱ्याच्या भिंतीसाठी बुंधाच उपटायचा ठरला. मग आदल्या संध्याकाळी तिनं देठ कापून अळंबीची टोपी पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर वाटी झाकली. रात्रभर टोपीतून बारीक भुकटी झडते आणि चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटते. तीच पाहून ती कोरायची.

सकाळी मजुरांना बुंधा दाखवून ती आत आली, तर टेबल लख्ख. नणंद मुक्कामाला होती.

"ताई, इथली वाटी?"

"घासून पालथी घातली. खाली काहीतरी सडकं होतं गं, टाकलं."

"आणि कागद?"

"तो ठेवलाय की. जरा मळलाय, पण मागच्या बाजूला लिहिता येईल."

नक्षी शाबूत होती. फक्त एका कडेला भुकटीत नणंदेचा अंगठा स्वच्छ उठला होता, त्यावरच्या जुन्या तिरप्या व्रणासकट. बाहेर बुंधा टेम्पोत चढत होता.

"बरं," एवढंच ती म्हणाली. नणंदेला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. "बोल की चार शब्द! तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस."

छत्रीकाकू पटाशी घेऊन बसली आणि जे कागदावर होतं ते सगळं कोरलं, अंगठ्यासकट. नणंद दोन्ही वेळचा चहा न मागता आणून देत होती.

शाई लावून पहिला कागद उचलला, तेव्हा नणंद चष्मा लावून वाकली. मग स्वतःचा अंगठा शाईत टेकवून शेजारच्या कोऱ्या कागदावर उठवला आणि दोन्ही बघत राहिली.

"वहिनी, माझा व्रण उजवीकडे कलतो. हा डावीकडे."

छत्रीकाकूनं कपाळाला हात लावला. ठसा उलटा कोरायचा असतो, हे ती छापखान्यात नव्या कामगारांना शिकवत आली होती.

"दुसरा कोरते, ताई."

"काही नको," नणंद म्हणाली आणि ओला कागद कडेला धरून वाळत घालायला घेऊन गेली. "हाच मी नेणार."