तंबाखूच्या पानातली जिवंत पेशी

आज, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, निपाणीजवळच्या ज्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं, तिच्याच गेटवर मला अडवलं. का? तर माझ्या पिशवीत तंबाखू सापडली!

मैत्रिणींनो, ते बोरगावच्या शेतातलं एक ताजं हिरवं पान होतं. त्यावरची लव सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पेशीतला रस हळूहळू फिरताना दिसतो. मोतीबिंदू काढल्यापासून मला तेच एकदा पुन्हा पाहायचं होतं, मुलींच्या घोळक्यात उभं राहून.

नवा शिपाई म्हणाला, "आक्का, तंबाखूमुक्त शाळा हाय. बोर्ड वाचला न्हाय व्हय?"

"मी काय चघळायला आलेय रं?"

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "मॅडम, नियम म्हणजे नियम. पेशी आम्ही स्क्रीनवर दाखवतो की."

व्हरांड्यातून नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पेशीत खरंच काय हलतंय व्हय?"

मला ते तिला सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. गेटबाहेरून कसं दाखवणार?

मुख्याध्यापक महाशय, हे पान वर्गात येऊ देणार की नाही, ते शुक्रवारी दुपारी चारच्या आत लेखी कळवा. ओल्या फडक्यात ते तोवरच जिवंत राहील.