कानात कापूस

पनवेलजवळ करंजाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे चाचा कुवेतहून कायमचे परतले आहेत. आवाजाबद्दल ते हातांनी बोलतात. बेस म्हणजे जाड आवाज, असं सांगताना छातीवर तळवा थोपटतात. ट्रेबल म्हणजे बारीक, असं म्हणत चहाच्या कपावर टिचकी मारतात. दुसऱ्याच्या घरचा रिमोट उचलण्याआधी "इजाजत आहे?" असं विचारतात.

आईला कमी ऐकू येऊ लागल्यापासून आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतच चाललो होतो. एका संध्याकाळी चाचा वर आले. तक्रारच असणार, म्हणून मी आधीच माफी मागितली.

"माफी कसली, बेटा," ते म्हणाले. "आवाज खूप आहे, पण त्यात शब्द नाहीत. खाली नुसती धडधड येते."

त्यांनी कापूस मागितला आणि दोन्ही कानांत घट्ट बसवला. मग आईला विचारून तिच्याच खुर्चीत बसले. बेस उतरवला, ट्रेबल चढवला. मालिकेतली सासू काय म्हणतेय ते कापसातूनही कळायला लागलं, तेव्हाच उठले. एकूण आवाज तर पूर्वीपेक्षा कमीच होता.

आई खुर्चीत बसली आणि थोड्या वेळाने त्या सासूला उलट उत्तरं देऊ लागली.

आभार मानले तर चाचांना आवडत नाही, म्हणून ते आले की मी चहा करते. आमचा टीव्ही आता खाली ऐकू जात नाही, आईचं भांडण तेवढं जातं, असं ते सांगतात. सांगताना कपावर टिचकी मारतात.