अज्ञात चित्रकाराची पाटी

माझ्या वडिलांना सगळे पेंटर म्हणतात. त्यांचं खरं नाव शेजाऱ्यांनाही सांगता येणार नाही. ते दुकानांच्या पाट्या लिहायचे. पाट्या ‘रंगवता’ का, असं कुणी विचारलं की त्यांचं डोकं फिरायचं. ‘रंगवतात ते कुंपण. पाटी लिहितात,’ असं सुनावल्याशिवाय ते पुढचं बोलत नसत.

त्यांचं काम मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणून टिचकी मारायची, की पत्र्यावर सरळ रेघ उमटते. ब्रशचे केस ब्लेडने कातरून हवे तसे करून घ्यायचे. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा, त्या काठीवर उजवा हात टेकवायचा आणि अक्षर एका दमात ओढायचं. पाटी झाली की उजव्या कोपऱ्यात खाली, शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत स्वतःचं नाव. तेवढं नाव लिहिताना ते श्वास रोखून धरायचे.

मला या सगळ्याची लाज वाटायची. एकदम सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्यांच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास यायचा आणि नखांत कायम रंग असायचा. एकदा ते आमच्या शाळेत फळ्यावर पहिल्या आलेल्यांची नावं लिहायला आले, तेव्हा मैत्रिणीने विचारलं, “कोण गं हे?” मी म्हणाले, “पाटीवाला आहे.” ते ऐकू जाण्याइतके जवळ होते. घरी आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

मी सहा वर्षांची होते तेव्हा त्यांनी जुन्या बाजाराच्या गल्लीतल्या अकरा दुकानांच्या दारांवर पट्टे काढले. आमच्याकडे दाराच्या वर वेली-पक्ष्यांचा पट्टा काढायची पद्धत फार जुनी आहे, पण जुने पट्टे चुन्याच्या रंगातले, बहुतेक झडून गेलेले. त्या गल्लीतले तर नखाने खरवडले तरी निघत होते. दुकानदारांनी बाबांना बोलावलं. उरलेल्या तुकड्यांवरून त्यांनी नमुना उचलला, बाकी मनाचं घातलं. मी शिडीखाली हिरव्या रंगाचा डबा धरून उभी असायची. एका दारावर दिव्याचा लोखंडी आकडा आड येत होता आणि पक्ष्याच्या चोचीला जागाच उरली नव्हती. बाबांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि पक्ष्याची मान मागे वळवून दिली. ते त्यांना इतकं आवडलं की पुढच्या सगळ्या दारांवर त्यांनी तोच पक्षी काढला. सही मात्र केली नाही. ‘दारावर कोणी सही करतं का?’ असं दुकानदार म्हणाले होते.

त्याला आता पस्तीस वर्षं झाली. दुकानं विकली गेली, माणसं बदलली, रंग उन्हाने उतरला. मी नकाशे काढायच्या ऑफिसात लागले आणि तीन वर्षांपूर्वी चौघांबरोबर रविवारचा चित्रगट सुरू केला. दर महिन्याला एका जागी जमायचं, रस्त्यावर बसून जे दिसेल ते काढायचं. कोणीही यावं, वही-पेन्सिल आमची. गटात सगळी बरी माणसं, डॉक्टर, वकील, एक निवृत्त कलेचे प्राध्यापक. ‘वडील काय करायचे?’ या प्रश्नाला मी ‘डिझाइनमध्ये होते’ असं उत्तर देऊन ठेवलं होतं.

मग प्राध्यापकांनी ती गल्ली शोधून काढली. बैठकीत फोटो टेबलावर मांडून म्हणाले, “शंभर वर्षांचं काम आहे, निदान. आणि हा पक्षी बघा. मागे वळून पाहतोय. गेलेल्या काळाकडे बघतोय तो. काय विचार असेल त्या माणसाचा!”

मला दिव्याचा तो लोखंडी आकडा आठवला. तेव्हाच हसून सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण सांगायचं म्हणजे ‘डिझाइन’ची गोष्ट उलगडायची, आणि प्राध्यापकांना चारचौघांत खोटं पाडायचं. मी मूग गिळून बसले. आठवड्याने पत्रक छापून आलं: आपल्या गल्लीतले शतकभरापूर्वीचे पट्टे, चला, आपण काढू या.

पत्रकांचा गठ्ठा घरी टेबलावर पडला होता. बाबांनी त्यातलं एक वाचलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वाचलं, पण चष्म्याशिवाय, मोठ्या अक्षरातलं तेवढंच. गल्ली, पट्टे, रविवार, सकाळी आठ.

रविवारी साठ-सत्तर माणसं आली. मी वह्या वाटत होते आणि समोरून बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून ब्रशची टोकं दिसत होती. त्यांनी मला हात केला, आणि त्या हाताच्या ढंगावरूनच मला कळलं की त्यांचा काय समज झालाय. त्यांना वाटत होतं, मुलीने आपल्यासाठी हे घडवून आणलंय. आता आपल्याला पुढे बोलावतील.

प्राध्यापक पायरीवर चढून बोलायला लागले. शंभर वर्षं, चुन्याचा रंग, मागे पाहणारा पक्षी. शेवटी म्हणाले, “दुर्दैव असं, की हा कलाकार कोण होता हे आपल्याला कधीच कळणार नाही.” काखेत कळसा म्हणतात ना, तसा तो कलाकार त्यांच्यापासून चार हातांवर पिशवी धरून उभा होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आता तू बोलशील, असं नुसतं वाट बघत पाहिलं. मला बोलायला पुरेसा वेळ होता. मी म्हणाले, “चला, ऊन चढायच्या आत जागा धरून बसा सगळे.”

माणसं पांगली. एक बाई बाबांना म्हणाली, “काका, जरा सरकता का? दार झाकलं जातंय.” ते सरकले. तिथून दुसऱ्याच्या चित्रात आले म्हणून तिथूनही सरकले. शेवटी एका ओट्यावर बसले. कोणीतरी त्यांनाही वही दिली. मी लांबून पाहत होते. त्यांनी करंगळी कागदावर टेकवली आणि समोरचा पक्षी एका रेघेत ओढला. वर बघायचीही त्यांना गरज पडली नाही.

प्राध्यापक मागून वाकून बघत होते. “काका, हात भलताच साफ आहे हो! काय करत होता आधी?”

बाबांची नजर परत माझ्यावर आली. या वेळी तिच्यात वाट बघणं नव्हतं. मला सांभाळून घेणं होतं, आणि ते मला जास्त लागलं. “पाट्या लिहायचो दुकानांच्या,” ते म्हणाले.

“वा! मग आमची एक पाटी लिहून द्याल? इथे लावायचीय, या पट्ट्यांची माहिती म्हणून.”

“देईन की,” बाबा म्हणाले.

‘त्या काकांना मी पोचवते’ असं गटात सांगून मजकूर मीच घरी आणला. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. शेवटची ओळ होती: ‘चित्रकार: अज्ञात’.

“बाबा, मी सांगते त्यांना,” मी म्हणाले. “उद्याच सांगते.”

“आता नको. छापलंय सगळं. तुझंच हसं होईल.” मग कागदाची घडी सरळ करत, “शेवटची ओळ मोठी घ्यायची, की वरच्याएवढीच?”

मी म्हणाले, “वरच्याएवढीच.” मी उद्या सांगितलं नाही, परवाही नाही.

दोन दिवस गॅलरीत पत्रा मांडून ते लिहीत होते. दोऱ्याची टिचकी आत ऐकू यायची. हात आताशा थरथरतो, म्हणून काठी दोनदा टेकवावी लागत होती. ‘अज्ञात’ मात्र त्यांनी असं लिहिलं की तसं अक्षर मी त्यांच्या कुठल्याही पाटीवर पाहिलेलं नाही. ‘ज्ञ’ची गाठ इतकी सुरेख होती की आई पदराला हात पुसत येऊन बघत राहिली. उजवा कोपरा रिकामा होता.

“नाव नाही टाकलंत?” मी विचारलं.

“कुणी विचारलं तर तुला अवघड,” ते म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

पुढच्या रविवारी पाटी लागली. बाबा मागे, गर्दीच्या कडेला उभे होते. सगळे पाटीजवळ जाऊन अक्षरं बघत होते. प्राध्यापक म्हणाले, “असं अक्षर आता बघायला मिळत नाही. अहो, ही लिहिणारे काका कोण? नाव तरी विचारलं का कुणी?”

आणि तेव्हा माझ्या तोंडून निघालं. “माझे वडील आहेत ते. पेंटर आहेत.”

टाळ्या वाजल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, “अगं, मग इतके दिवस सांगितलं नाहीस ते!” बाबांना पुढे आणलं, पाटीशेजारी उभं करून फोटो काढला. वर पस्तीस वर्षांपूर्वीचा पक्षी मान वळवून बसला होता. त्याच्याबद्दल बोलायला ती सगळ्यात सोपी वेळ होती. तोंड उघडलेलंच होतं, आणखी एक वाक्य लागत होतं. मी ते बोलले नाही. अर्ध्यावरच टाळ्या मिळाल्या होत्या आणि मी त्या घेतल्या.

घरी आल्यावर मी आत चपला ठेवत होते. स्वयंपाकघरात बाबा आईशी बोलत होते. आवाज दबका ठेवायला बघत होते, पण त्यांना तो दबत नव्हता.

“अगं, सगळ्यांसमोर म्हणाली. माझे वडील आहेत म्हणाली.”