झुंबराचा भाग

डोळ्याच्या ऑपरेशननंतर आई लातूरहून माझ्याकडे नांदेडला आली. महिनाभराने डॉक्टरांनी टीव्ही बघायला परवानगी दिली, आणि माझ्या मुलीने आजीसाठी मोबाईलवर एक जुनी मालिका शोधून टीव्हीवर लावली. निजामाच्या काळातल्या एका देशमुखांच्या घराची गोष्ट, कादंबरीवरून केलेली. मी आठ वर्षांची असताना ती दर रविवारी सकाळी लागायची आणि सगळी गल्ली आमच्या घरी जमून ती बघायची.

नाव ऐकताच आई म्हणाली, "झुंबराचा भाग कितवा गं?"

तिलाही तोच आठवला होता.

भूकंपाला तेव्हा दोन-तीन आठवडे झाले होते. लातुरात आमचं घर उभं होतं, भिंतीला फक्त भेगा पडल्या होत्या. पण धक्के थांबत नव्हते. झोपायला सगळे अंगणात. आत यायचं ते स्वयंपाकाला आणि या मालिकेला. घरात चपला काढायच्या नाहीत, असा आईचाच हुकूम होता. फडताळावर पालथ्या डब्यावर तिने पेले रचून ठेवले होते. ते वाजले की पळायचं.

माझा पाय प्लास्टरमध्ये होता. मला उचलून बाजेवर बसवायचे.

त्या रविवारी पडद्यावर देशमुखांच्या दिवाणखान्यातलं झुंबर हलायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "हललं!" त्याच क्षणी पेले खणखणले. दारात एकच रेटारेटी झाली आणि खोली रिकामी झाली. मी बाजेवर, समोर हलणारं झुंबर. मी ओरडले की नाही, आठवत नाही. भेगेतून माती खाली येईल म्हणून त्या भेगेकडे टक लावून बसले होते. मग आई आली, मला उचललं आणि पळाली. माती पडली नाही. खरंच धक्का बसला, की कुणाचा धक्का फडताळाला लागला, यावर गल्लीत बरेच दिवस वाद चालला. आईने ती मालिका पुन्हा लावली नाही.

आता रोज दुपारी आम्ही दोघी एकेक भाग बघत होतो. तो भाग जवळ आला तशी मी रिमोट हाताशीच ठेवायला लागले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खालून ट्रक गेला की खिडकीची काच थरथरायची, आणि आम्ही दोघी आधी पंख्याकडे बघायचो, मग एकमेकींकडे.

अकराव्या भागात झुंबर आलं.

"बंद करू का?" मी विचारलं.

"नको. चालू दे."

ते जेमतेम हललं. वाऱ्याने हलतं तेवढंच. आईने माझा हात घट्ट धरला होता.

"फाटकापस्तोर गेले होते मी," ती म्हणाली. "तू घरात हायस, ध्यानातच न्हाई राहिलं."

"पण आलीस की परत."

"शेजारीण म्हणली, पोरगी कुठाय? तवा आले. तिनं नसतं इचारलं तर?"

मी टीव्ही बंद केला. जे नवऱ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं, ते मी तिला सांगितलं. मागे एकदा पहाटे नांदेडला धक्का बसला, भांडी वाजली आणि मी पायऱ्यांवरून पळत सुटले. दोन मजले उतरल्यावर कळलं की माझे हात रिकामे आहेत. वर जायला पाय उचलेना. नवरा मुलीला कडेवर घेऊन खाली आला, तोवर मी कठडा धरून तिथेच उभी होते.

आईने विचारलं, "लेकराला ठाऊक हाय?"

"तिने विचारलं होतं, तू आधीच खाली कशी? मी म्हटलं, जिना मोकळा आहे का ते बघायला गेले होते."

"मानलं तिनं?"

"हो."

मुलगी आता दहा वर्षांची आहे. अजून तरी तिने पुन्हा विचारलेलं नाही.