पुढचा थांबा

रिम्मा सावेल्येव्नाला लाटव्हियन भाषा किती येत होती? एका ट्रॉलीबसच्या मार्गाइतकी. उभी हयात तिने रीगाच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवली. ध्वनिफितीतली बाई जे बोलायची तेवढं तोंडपाठ: दारं बंद होत आहेत, सांभाळा, पुढचा थांबा अमुक. त्यापलीकडे गरजच पडली नाही. डेपोत रशियन, दुकानात रशियन, आणि शहराबाहेरच्या बागेत शेजारीण वेल्टा. ती पक्की लाटव्हियन, पण हिच्याशी रशियनच बोलायची. दोघींच्या बागांमध्ये कुंपण म्हणून नुसती फळझुडपं. त्यांच्यावरून चाळीस वर्षं काकड्या, शेपू, बरण्या आणि चुगल्या इकडून तिकडे जात होत्या. चुगल्या बहुतेक इकडूनच.

मग सरकारने नियम काढला: रशियाचं नागरिकत्व घेतलेल्यांना इथे राहायचं तर लाटव्हियनची परीक्षा. पेन्शनपायी रिम्माने ते कधीच घेऊन ठेवलं होतं. डब्लिनच्या मुलीने, झान्नाने, ताबडतोब टॅब पाठवला. त्यात एक जाडजूड लाटव्हियन कादंबरी आणि सोबत शब्दकोश.

"आई, शब्दावर बोट दाबून धर. टिचकी नको, दाबून!"

"धरलंय की!"

"हॉर्न नाही तो ट्रॉलीबसचा! हलके. बघ, अर्थ आला ना?"

आला. शब्दाखाली चौकट उघडली, त्यात रशियन अर्थ. बाजूच्या छोट्या कर्ण्यावर बोट ठेवलं की एक बाई तो शब्द म्हणून दाखवायची, थेट थांबे पुकारणाऱ्या बाईच्या आवाजात. रिम्मा आधी दचकली, मग हसली. "तू इथे लपलीस होय गं!"

वसंतात ती परीक्षा पास झाली. परीक्षेत विचारलं काय, तर पाव केवढ्याला आणि दवाखाना कुठे. टॅब कपाटात जायला हरकत नव्हती. पण कादंबरी अर्ध्यावर होती. त्यातल्या गिरणीवाल्याच्या बायकोचं पुढे काय होतं, हे कळल्याशिवाय जीव थाऱ्यावर येईना. मग काचघरात टोमॅटोच्या रोपांपाशी स्टूल टाकून रिम्मा वाचत बसायची. एकेका शब्दावर जाड बोट दाबायचं. कधी शेजारचाच शब्द दाबला जायचा, मग गिरणीवाल्याच्या जागी गाढव निघायचं. अडलेले शब्द टॅब लक्षात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिलाच उलटे विचारायचा. सासूच जणू.

आणि मग कादंबरीत गिरणीवाला मेला.

दफनानंतर सगळे जेवायला बसले. रिम्मा वाचत गेली, बोट दाबत गेली. पाहते तर काय, टेबलावर नुसता गोंधळ! एक बोलतोय, दुसरा त्याचं वाक्य तोडतोय. कुणी मेलेल्याची नक्कल करतंय, कुणी त्याचं लाडकं नाव घेऊन रडतंय, रडता रडता हसतंय. विधवा म्हणते, "अरे, त्याच्या घोरण्याचं सांगा की कुणीतरी!"

रिम्माचं बोट शब्दावरच राहिलं. अर्थाची चौकट उघडून वाट पाहत होती, पण रिम्माला ती दिसेना.

तिला वेल्टाचं टेबल दिसत होतं. फेब्रुवारीतलं. वेल्टाचा नवरा गुनार्स गेला, त्या दिवशीचं. समोर वाटाणे आणि खारं मांस, काळा पाव, आणि भोवती ताठ बसलेली माणसं. गुनार्सचा मुलगा आयवार्स उठला. बापाबद्दल चार शब्द बोलायचे, तर अडखळत, थांबत, शब्द शोधत बोलला आणि खाली बसला. त्याची बायको दात्से तर ताटावरून नजर उचलेना. त्या दिवशी घरी येऊन रिम्माने बहिणीला फोन केला होता. स्वतःच काय म्हणाली होती? "थंड माणसं गं बाई. धड रडतसुद्धा नाहीत. आणि सून! बोलेल तर शपथ. गर्वाने फुगलीये नुसती."

गर्वाने? दात्सेला रशियन येतं कुठे! नवरा सासऱ्याबद्दल काय सांगतोय हे तिला समजतच नव्हतं. आणि आयवार्स अडखळत होता, कारण बापाची आठवण तो परक्या भाषेत सांगत होता. सगळं टेबल आपल्या माणसाला परक्या भाषेत रडत होतं. कुणासाठी? कोपऱ्यात बसून वाटाणे दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या एका शेजारणीसाठी.

रिम्माच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काचघरात कुणी नव्हतं, तरी तिने टॅब उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती झुडपांपाशी गेली आणि मनात घोकलेलं लाटव्हियन वाक्य म्हणाली, "सुप्रभात, वेल्टा. आज तुझी प्रकृती कशी आहे?"

वेल्टाने खुरपं खाली ठेवलं आणि रशियनमध्ये म्हणाली, "अगं, झालीस ना पास? मग आता कशाला जीव शिणवतेस? बोल आपली सरळ."

मायेनेच म्हणाली. आणि रिम्मा, काय सांगावं, बोलली की सरळ! काकड्यांवरच्या किडीवर रशियनमध्ये एवढं बोलली की वेल्टाचा चहा गार झाला. घरी परतताना तिला स्वतःच्या जिभेची किळस आली.

जुलैत कबरींचा दिवस आला, आपल्या मृतांना भेटायचा. पाइनच्या झाडांखाली गुनार्सच्या कबरीवर फुलं वाहिली. मग तिथल्या रीतीप्रमाणे वेल्टाने उलट्या पावलांनी मागे येत वाळूवर दाताळं फिरवलं, स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत. तिथून सगळे तिच्या घरी जेवायला आले. आयवार्स, दात्से, रिम्मा. रिम्मा बसल्याबरोबर टेबलावरची भाषा बदलली, सिग्नलचा दिवा बदलावा तशी. दात्सेची नजर ताटात गेली.

रिम्मा उभी राहिली. पर्समध्ये टॅब होता. तिने पर्स खुर्चीखाली सरकवली.

"गुनार्स हा," ती लाटव्हियनमध्ये म्हणाली, "सज्जन गृहस्थ होता. त्याने मजसाठी काचघर उभारिले. त्याचे मजवर... त्याचे..."

शब्द गेला. काल पाठ होता, चौकटीसकट पाठ होता.

"रिम्मा," वेल्टा हळूच रशियनमध्ये म्हणाली, "बस गं. आपल्या भाषेत सांग. आम्हाला कळतं."

"दात्सेला नाही कळत!" हे तिने लाटव्हियनमध्ये इतक्या जोरात म्हटलं की चमचे थांबले. "तुम्ही तुमच्या भाषेत बोला. मला नाही समजले तर नाही समजले. फेब्रुवारीत मी... मला लाज वाटते."

दात्सेने मान वर केली. तिनेच आधी आयवार्सला कोपर मारलं. "ते दरवाजाचं सांग ना, बाबांचं."

"नको रे!" वेल्टा म्हणाली.

पण आयवार्सने सुरू केलं, आणि काय वेगाने! रिम्माला कुठे एखादा शब्द दिसायचा आणि पळायचा, धावत्या गाडीतून पाटी दिसावी तसा. गुनार्स, स्वयंपाकघर, खिडकी, रिम्मामावशी. मग आयवार्सने बापाचा घोगरा आवाज काढला, एक हात हवेत वर धरला आणि म्हणाला, "सांभाळा! दारं बंद होत आहेत. पुढचा थांबा..." सगळे श्वास रोखून. "...नाही!"

सगळं टेबल खदखदून हसलं. दात्से तर डोळे पुसायला लागली.

"काही नाही गं," वेल्टा घाईघाईने रशियनमध्ये म्हणाली, "हवामानाचं बोलतोय तो."

"समजले," रिम्मा म्हणाली. "हे सगळे समजले." आख्ख्या भाषेत हेच तर तिला शब्दकोशाशिवाय येत होतं. ती झुडपांपाशी येऊन बोलायला लागली की खिडकीआड गुनार्स हे म्हणायचा. चाळीस वर्षं. आणि खरंच थांबा नव्हता. आपण बोललो, ते ऐकत राहिले, आपल्याच भाषेत.

ती हसली, कारण सगळे हसत होते. मान मात्र लाल झाली होती आणि लपवायला जागा नव्हती. आयवार्स गोरामोरा झाला. "मावशी, रागावलात?"

तिने मान हलवली. मग घसा साफ केला आणि ध्वनिफितीतल्या बाईच्या आवाजात, एकेक अक्षर स्वच्छ पुकारत म्हणाली, "पुढचा थांबा, वेल्टा."

वेल्टाने तोंड उघडलं, रशियन ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. मग आपल्या भाषेत बोलायला लागली. गुनार्सबद्दल, आधी सावकाश, मग सावकाश राहिलं नाही. रिम्माला निम्मंही कळत नव्हतं. पर्स खुर्चीखाली होती. रिम्मा दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.