दगडावरचं कुंकू

कुंकू सोलापूरच्या नव्या पेठेतलं होतं. आई दुसरीकडचं घेतच नाही. दुकानदारासमोर चिमटीत चोळून बघते, मग चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणते, "मागल्या टायमाचं चांगलं हुतं." त्या कुंकवाची पितळी डबी तिच्या पर्समध्ये कायम असते. ऑस्ट्रेलियाला निघताना मी तिची पर्स तीनदा उपसली, नको नको ते बाहेर काढलं, पण डबी राहू दिली. डबीनं काय बिघडणार, असं मला वाटलं होतं.

खरं तर आई निघायलाच तयार नव्हती. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झाले होते. भाऊ तिकडे नोकरीला, तो वर्षभर बोलावत होता, आणि शेवटी वडीलच तिच्यावर ओरडले, "जा की! मी काय कुटं पळून चाललोय व्हय?" त्यांना माझ्या नवऱ्याच्या हवाली करून आम्ही मायलेकी निघालो. विमानात आई जेवली नाही. घड्याळ सोलापूरच्याच वेळेवर ठेवून ती गोळ्यांच्या वेळा मोजत बसली होती.

भावानं आम्हाला तीन दिवसांच्या एका सहलीत बसवून दिलं. त्याला स्वतःला रजा नव्हती. देशाच्या पार मध्यात, जिथं माणसापेक्षा माती जास्त, तिथं त्या जमिनीचे मूळ रहिवासी स्वतःच पाहुण्यांना फिरवतात आणि आपला मुलूख दाखवतात. मला फार उत्साह होता. आईनं खिडकीतून लाल माती, खुरटी झुडपं आणि कोरडी नदी बघितली आणि म्हणाली, "एवढ्या लांब येऊन उन्हाळाच बघायचा हुता, तर आपलं वैराग गाव काय वाईट हुतं?"

आम्हाला वाट दाखवणारी साठीकडे झुकलेली एक ठसठशीत बाई होती. डोक्यावर हॅट, पाय अनवाणी. सगळे तिला 'आन्टी' म्हणत होते. मी आईला सांगितलं की मावशी म्हणायचं. आई तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठीच असेल, पण तिनं लगेच मावशी करून टाकली. पहिल्याच सकाळी मावशीनं वाळूतली एक खूण दाखवून विचारलं, हे कोण गेलं असेल? आमच्यासोबतच्या आठ-दहा गोऱ्या पाहुण्यांपैकी कुणी साप म्हटलं, कुणी सरडा म्हटलं. आई कमरेवर हात ठेवून वाकली. "घोरपड हाय की ही. मधी शेपूट वढत गेलीय, दिसंना व्हय?" मी ते इंग्रजीत सांगितलं. मावशीनं आईकडे नीट बघितलं आणि टाळी मारायला हात पुढे केला.

तिथून पुढं माझी किंमत संपली. दोघी पुढे चालायच्या आणि मी मागून धापा टाकत दुभाषी. मावशीनं निखाऱ्यात कणकेचा गोळा भाजला तर आई म्हणाली, "रोडगा हाय," आणि राख झटकून खाऊ लागली. मावशीनं विचारलं, तुमच्या गावचं पाणी कुठलं? आईनं सांगितलं, एक ओढा आहे, आठ महिने कोरडा असतो. मावशी खूप हसली. म्हणाली, आमची नदीसुद्धा वाळूखालून वाहते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आम्हाला एका खडकाजवळ नेलं. पुरुष पाहुण्यांना लांब झाडाखाली बसवलं. ही बायकांची जागा आहे, म्हणाली. तिच्या पणजीच्या पणजीच्याही आधीपासून बायका इथं येतात. मग ती बरंच बोलली. फोटो काढू नका, खडकाला हात लावू नका, इथलं काही उचलू नका. ऊन मी म्हणत होतं, माझा घसा कोरडा पडला होता. आईनं विचारलं, "काय म्हनतीया? देवी हाय का ही?" आणि मी, सगळं सांगायचा कंटाळा केला. म्हटलं, "हो, देवीच समज."

मी बाटलीतलं पाणी प्यायले असेन तेवढ्यात झालं. मागून कुणीतरी दचकून श्वास घेतला. वळून बघते तर आई खडकासमोर पायातल्या चपला काढून उभी, डबी उघडलेली, आणि खडकाच्या कपाळी म्हणावं अशा जागी लालभडक बोट ओढलेलं. ती डोळे मिटून पुटपुटत होती.

मावशीचा चेहरा असा बदलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "हे काढायला हवं." आणि मग हळू आवाजात, "मला आज घरी जाऊन हे आमच्या वस्तीतल्या मोठ्या बायांना सांगावं लागेल."

मी आईवर तुटून पडले. सगळ्यांसमोर. "तुला जिथं तिथं हात कशाला लावायला लागतो? पूस ते आधी!"

आई डबी हातात धरून उभी राहिली. "पुसू?" एवढंच म्हणाली. मग तिचा आवाज चिरकला. "तुज्या वडलांसाटी लावलंय मी. आता मीच माज्या हातानं कुंकू पुसू?"

मला तेव्हा कळलं मी काय बोलले ते. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात ही बाई पाच तास उभी होती, आणि घाम आला तरी तिनं कपाळाला पदर लावला नव्हता. तिच्या जन्मात हे एकच काम तिच्या हातून होणार नव्हतं, आणि ते मी तिला परक्या मुलखात चारचौघींसमोर फर्मावलं होतं. मला माझीच शिसारी आली.

मी मावशीकडे गेले आणि खरं ते सांगितलं. हात लावू नका हे तुम्ही सांगितलंत, मीच तिला सांगितलं नाही. चूक माझी आहे. ती कुणासाठी लावत होती तेही सांगितलं, आणि आमच्यात कुंकू पुसणं म्हणजे काय असतं तेही. मावशीनं जवळ जाऊन खडकावरचा तो लाल पट्टा बघितला. तिनं आईला विचारायला सांगितलं की तुमच्या घरच्या देवाचं कालचं कुंकू तुम्ही कसं काढता?

आईनं डोळे पुसले. "पुसतंय कोन? देवाला आंगुळ घालतो की रोज."

"मग पाणी आण," मावशी मला म्हणाली. "चूक तुझी आहे ना?"

मी गाडीतून कॅन उचलून आणला. मावशीनं आधी खडकाकडे तोंड करून तिच्या भाषेत मोठ्यानं काहीतरी सांगितलं. आम्ही कोण, कुठल्या, काय झालं हे ती पूर्वी इथं येऊन गेलेल्या जुन्या बायांना सांगत होती, असं तिनं नंतर मला सांगितलं. मग आईच्या हातात तांब्याऐवजी पत्र्याचा मग दिला. आईनं वरून पाणी सोडलं, दोनदा, तीनदा. लाल ओघळ खाली आला आणि लाल मातीत मिसळला. कुठलं कुंकू, कुठली माती, ओळखू येईना. थोडासा डाग राहिला. मावशी म्हणाली, तो वारा नेईल, पण मोठ्या बायांचं बोलणं मला खावं लागेलच.

संध्याकाळी ती आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तिचा नवराही आजारी आहे. दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर घालावं लागतं, आणि यंत्र शहरात, इथून दिवसभराच्या वाटेवर. दोन वर्षं तो तिथंच एका खोलीत राहतो. औषधापेक्षा गाव मागतो, म्हणाली.

मी या वेळी एक शब्दही न गाळता आईला सांगितलं. आई थोडी पुढं सरकली आणि तिथंच थांबली. "तिला इचार," ती मला म्हणाली, "हात लावू का म्हनावं. आदी इचार."

मी विचारलं. मावशीनं हॅट काढली. आईनं तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

आता सोलापुरात रोज सकाळी आई देवांना अंघोळ घालते तेव्हा मोठ्यानं बोलते, कारण देवाला हळू बोललेलं कळत नाही असं तिचं मत आहे. "मालकाला बरं ठिव. आन् तिकडं तिच्या मालकाला पन बरं ठिव."

परवा मी माहेरी गेले होते. वडील खुर्चीत पेपर वाचत बसले होते. आईचं रोजचं गाऱ्हाणं संपलं तसा त्यांनी चष्मा वर केला.

"त्याचं आदी सांगत जा," ते म्हणाले. "मी तर घरीच हाय."