हणमंतप्पांच्या मोटारीचा गार काटा

बब्रुवान एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, ही धास्ती गौराबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. पोरगा मारकुटा नव्हता. दारूला शिवत नव्हता, कुणाच्या अध्यात-मध्यात नव्हता. त्याला फक्त तीन शब्द म्हणता येत नव्हते : मला येत नाही. चोवीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते.

तो बारा वर्षांचा असताना कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. वडील तिथंच पेशकार होते. बब्रुवाननं घड्याळ उतरवलं, उघडलं, पुसलं आणि पुन्हा बसवलं. दोन चाकं उरली. ‘‘ती जादाची होती,’’ म्हणाला. त्यानंतर ते घड्याळ रोज पाऊण तास मागं पडू लागलं. कचेरीचा कारभार तसाही मागंच पडलेला असल्यामुळं कुणी तक्रार केली नाही. उलट तहसीलदारांनी त्याची पाठ थोपटली. गौराबाईंना पुढं नेहमी वाटायचं, त्या दिवशी पाठीऐवजी कान हातात धरला असता तर बरं झालं असतं.

वडील गेले. गौराबाई हैदराबादच्या मुलींच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेल्या, म्हणून उमरग्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या. बब्रुवान सोलापुरात एका मोटारवाल्याकडं सहा महिने राहिला. त्यातले पाच महिने मोटारी धुण्यात गेले आणि एक महिना दुखण्यात. परत आला तो निळा डगला घालूनच. हमरस्त्याला पत्र्याचं छप्पर टाकलं आणि वर पाटी लावली : ‘बब्रुवान मोटार इंजिनेर’. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले पाटी वाचून थांबत आणि दुरुस्ती झाल्यावर ढकलत पुढं जात. गाव मात्र त्याला इंजिनेरच म्हणू लागलं. बाजारात बायका गौराबाईंना वाट करून देत, ‘‘सरका गं, इंजिनेरची आई आली.’’ गौराबाईंना त्याचं हसू यायचं आणि आतून गोडही लागायचं. खोटं कशाला सांगा.

हणमंतप्पा शेट म्हणजे गावातल्या कापसाच्या जिनिंगचे मालक आणि गावातल्या एकुलत्या एक खाजगी मोटारीचेही. मागच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या वाटेवर त्यांच्या मोटारीचं बेअरिंग जळालं. इंजिनातलं तेल फार तापलं, पाण्यासारखं पातळ झालं आणि लोखंडावर लोखंड घासलं. शेटनी तीन कोस बैलगाडीतून प्रवास केला आणि त्या अपमानाचा धसका घेतला. जर्मनीची लढाई संपल्यावर सिकंदराबादेत लष्कराचं सामान लिलावात निघालं. त्यातून त्यांनी एक डबी आणवली. डबीत तेल किती तापलं ते दाखवणारी काट्याची तबकडी होती, तिला जोडलेली दोऱ्यासारखी बारीक, लांबच लांब तांब्याची नळी होती आणि नळीच्या टोकाला बोटाएवढं पितळी बोंड होतं. बोंड इंजिनाखालच्या तेलात बुडवायचं, तबकडी चालकासमोर बसवायची.

‘‘येतंय नव्हं बसवायला, इंजिनेर?’’ शेटनी विचारलं.

‘‘असले छप्पन्न बसवलेत, शेट.’’

असली वस्तू त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली होती.

डबी लष्करी ट्रकाची. नळी शेटच्या मोटारीला दोन हात जास्त झाली. बब्रुवाननं ती गाडीच्या नाड्यासारखी धरली, अंदाज घेतला आणि मधला तुकडा सरळ कापून काढला. कापताना फुस्स झालं, दवाखान्यासारखा वास सुटला. शेजारी शेटचा ड्रायव्हर महेबूब उभा होता. वीस वर्षं मोटार चालवून त्याचे केस पांढरे झाले होते. तो म्हणाला, ‘‘इंजिनेर, कसला वास म्हनायचा ह्यो?’’

‘‘विलायती मालाला असतोच वास.’’

मग दोन्ही टोकं घेऊन तो सोनाराकडं गेला. सोनारानं बायकांच्या साखळ्या जोडतात तितक्या नाजूक हातानं नळी झाळून दिली. जोड शोधून सापडेना. गावात असं काम झालं नव्हतं. शेटनी तबकडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मोटार सुरू झाली. सगळे काट्याकडं बघत राहिले. काटा तळाशी पडून होता, तो तिथंच राहिला. मोटार गावाला दोन फेऱ्या मारून आली, बॉनेटला हात लावता येईना. काटा आपला तळाशीच.

‘‘हालत न्हाय की,’’ महेबूब म्हणाला.

‘‘इंजिन गार असल्यावर काटा कशाला हालंल?’’ बब्रुवान हसला. ‘‘माझ्या हातचं इंजिन हाय ते. बर्फ हाय बर्फ!’’

शेट खूश झाले. दुसऱ्या दिवशी तालेवार लोक तो न हलणारा काटा पाहायला आले आणि माना डोलावून गेले. तीन शहाण्यासुरत्या माणसांनी स्वतःच्या हाताला चटका बसत असताना इंजिन गार असल्याची ग्वाही दिली.

संध्याकाळी महेबूब गौराबाईंच्या दाराशी येऊन उभा राहिला. ‘‘बाई, उद्या सकाळच्याला शेट सुनबाईला घेऊन हैदराबादला निघालेत. रुद्रम्माताईला आठवा चालू हाय, पाय लई सुजलेत. तिथल्या दवाखान्यात दाखवायचं. म्या दर दहा मैलाला थांबून वास घेतो, हात लावून बघतो, मग फुडं जातो. आता शेट म्हनतेत, काटा गार असंस्तवर थांबायचं न्हाय. तुम्ही पोराला जरा इचारा की.’’

गौराबाईंनी जेवताना विचारलं. बब्रुवान म्हणाला, ‘‘त्या म्हाताऱ्याच्या नाकापेक्षा विलायतेचं यंत्र खोटं व्हय? आई, तुझं ते कॉलेज वेगळं, मोटार वेगळी.’’ त्यांनी ताटं उचलली. दोष इथं त्यांचाही होता. मोटारीतलं आपल्याला काय कळतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि झोपायला गेल्या.

सकाळी साडेआठला मोटार गेली. नऊच्या सुमारास बब्रुवान भाकरी घरीच विसरल्याचं गौराबाईंच्या ध्यानात आलं. शाळेला सुट्टी होती. त्या पहिल्यांदाच त्याच्या छपराखाली गेल्या. तो एका ट्रकाखाली उताणा पडला होता, नुसते पाय दिसत होते. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक इंग्रजी कागद टांगला होता. मध्ये तबकडीचं चित्र, खाली बारीक छपाई.

‘‘हे काय रे?’’

‘‘सर्टिफिकेट,’’ ट्रकाखालून आवाज आला. ‘‘विलायतेच्या कंपनीचं. डबीतच आलं होतं. शेट सुदिक हात जोडून गेले.’’

गौराबाईंनी चष्मा लावला. ते सर्टिफिकेट नव्हतं, डबीतली वस्तू कशी बसवायची त्याचा कागद होता. नळीत उडून जाणारा द्रव भरून ती दोन्हीकडून बंद केलेली आहे, असं त्यात लिहिलं होतं. नळी कापू नये. लांबी जास्त झाल्यास वेटोळं करून बांधावी. नळी तुटल्यास ती जोडून उपयोग नाही. काटा कायमचा तळाशी राहील.

त्यांनी चौकट खाली घेतली, तेव्हा ती ज्यानं टांगली होती ते हाताला लागलं. दोरी नव्हती. तांब्याची बारीक नळी होती, दोन हात लांब.

‘‘बब्रु, बाहेर ये.’’

तो सरपटत बाहेर आला. त्यांनी कागद त्याला मराठीत वाचून दाखवला. एकदा, सावकाश. त्याच्या तोंडावरचा काळा डाग तेवढा जागच्या जागी राहिला, बाकी सगळा रंग उतरला.

‘‘म्हंजे काटा...’’

‘‘मेलेला आहे. इंजिन जळून कोळसा झालं तरी तो गारच दाखवणार. आणि तू त्या म्हाताऱ्याचं नाक बंद करून पाठवलंस.’’

‘‘ते पोचतील गं, आई. नवं बेअरिंग हाय. सांजच्याला तार येईल, तवर थांब की.’’

‘‘आणि नाही पोचले तर? भर उन्हात, माळावर, आठव्या महिन्याची बाई घेऊन बसले तर?’’

‘‘मग बघू.’’

गौराबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. घड्याळाची चाकं हातात घेऊन उभा असलेला तोच तो, फक्त मिशी आलेली. हुमनाबादला शेटच्या व्याह्यांचं जिनिंग होतं आणि तिथं फोन होता. शेट तिथं जेवल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. तिथवर चाळीसच मैल आणि सकाळचा गारवा. खरा चढ आणि खरं ऊन त्यापुढं. पोस्टातून हुमनाबादला फोन लागला तर अजून वेळ होती. पण पोस्टातला फोन म्हणजे बाजारात दवंडी. शेजारच्या बाकावर रोज सहा रिकामी माणसं बसलेली असत, आणि ओरडल्याशिवाय पलीकडं ऐकू जात नसे.

‘‘फोन नको करू,’’ बब्रुवानला कळलं होतं. ‘‘पाटी काढावी लागंल मला. गावात तोंड कुठं दाखवू?’’

‘‘मग तू कर. महेबूबला एवढंच सांग, काट्याकडं बघू नका, मला येत नव्हतं. तू स्वतः सांगितलंस तर मी इथं भाकरी घेऊन बसते.’’

तो उभा राहिला. डगल्याला हात पुसले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आता निघतात शब्द, असं क्षणभर गौराबाईंना वाटलं.

‘‘नळी जादाचीच होती की गं,’’ तो म्हणाला.

गौराबाईंनी भाकरीचं फडकं बाकड्यावर ठेवलं, चौकट काखोटीला मारली आणि उन्हातून निघाल्या. वाटेत दोघी जणी बाजूला झाल्या, ‘‘सरका गं, इंजिनेरची आई.’’ आज ते गोड लागलं नाही. पोस्टासमोर बाकावर सहाच्या सहा माणसं होती. माघारी वळावं, असं पायांना एकदा वाटलं. मग सुजलेले दुसरे पाय डोळ्यांपुढं आले आणि त्या पायरी चढल्या.

पोस्टमास्तर वजीरमियाँ उठून उभे राहिले. ‘‘या मास्तरीणबाई. इतक्या घाईनं? खैरियत?’’

‘‘हुमनाबादचं जिनिंग लावून द्या.’’

‘‘कुणाच्या नावानं बोलवू? पलीकडचे विचारतेत.’’

बाकावरचं बोलणं थांबलं होतं. गौराबाईंनी चौकट टेबलावर ठेवली, काचेवरची धूळ पदरानं पुसली आणि त्या सहाही जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

‘‘सांगा, इंजिनेरची आई बोलतेय.’’